उखर्डू वल्द तोताराम

रविवारी दहा ते एक
नगरपालिकेच्या शाळा नंबर चारमध्ये
आमचं कुळशोध मंडळ भरतं.
साऱ्या पारोळ्यात हे एकच ठिकाण,
जिथं माणसं आज्याच्या बापाला शोधायला
चपला बाहेर काढून येतात.
सभासद अकरा, भिंगं दोन,
मोडी वाचणारा मी एकटा,
त्यातही उजव्या डोळ्यात मोतीबिंदू.

बहुतेकांना हवा असतो दाखला.
काहींना हवा असतो राजा.
राजा अजून निघालेला नाही.
निघतात ते सालदार, जागले,
एकदा एक घोडीचोर निघाला
(त्या घरचे परत आले नाहीत),
आणि सरकीचे हिशेब. सरकीचे फार.

हेमकांत बोरसे सुरतेहून आला.
उधन्याला त्याचे चार लूम आहेत.
आखाजीला सावखेड्यात सगळी भाऊबंदकी जमणार,
पारावर दहा बाय सहाचा फ्लेक्स लागणार,
वडाचं झाड, फांदीफांदीवर नावं.
"फक्त पणजोबांचं जरा बघा, काका," म्हणाला,
"उखर्डू बरं नाही दिसत.
उदयराज करता येईल का?
उ तर तोच आहे."

मी काही बोललो नाही.
कोतवाल बुक काढलं, सन एकोणीसशे अकरा,
डावा कोपरा वाळवीनं खाल्लेला.
सापडला. उखर्डू वल्द तोताराम. जन्म. मुलगा.
त्यानं मोबाइलवर फोटो काढला, उठायला लागला.
मी म्हटलं, थांब.

असं नाव निघालं की मी पानं मागं उलटतो.
ही सवय मला कुणी लावली नाही.

सन नऊ. तोतारामचा मुलगा. अकरा दिवस. आकडी.
सन सात. तोतारामची मुलगी सोनी. दोन वर्षं. गोवर.
सन चार. तोतारामचा मुलगा.
नावाची जागा कोरी. ताप.
कोतवालाचा बोरू तिन्ही ओळींत सारखाच चाललेला,
न उचलता. मोडीची खोडच ती.

मग चौथा झाला.
त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवला,
शेजारणीनं उचलला,
पसाभर ज्वारीला आईनं परत विकत घेतला.
आता कुणी विचारलंच, सटवाईनं विचारलं तरी,
"हाऊ कोना शे वं?"
तर सांगायला तोंड मोकळं:
"कोनाबी नही माय. उखर्डाना शे."

हेमकांत बसला परत.
"त्यांचं बोट धरून मी बालाजीचा रथ पाहिलाय," म्हणाला.
"बोट सोडायचेच नाहीत. राग यायचा मला."
मग पंख्याकडे बघत:
"झाडावर त्या तिघांना कुठं बसवायचं?"
मला काय ठाऊक.
फ्लेक्सवाल्याला विचार म्हटलं.

आखाजीला त्याचा फोटो आला.
झाड मोठं झालं होतं,
फ्लेक्सवाल्यानं रफार खाल्लेला: उखडू.
संध्याकाळी फोन. आगारी टाकताना, म्हणे,
सोनीचं नाव घेतलं. घरातल्यांनी विचारलं, कोण सोनी?
बाकी दोघांना काय हाक मारावी ते सुचेना,
तसाच घास टाकला.
"चाललं ना, काका?"
चालतं, म्हटलं. मला कुठं त्यातलं कळतं.

मंडळाच्या पाटीवर माझं नाव डी. आर. सैंदाणे.
डी म्हणजे काय, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

धुडकू.

माझ्या गावचं रजिस्टर तहसिलीत आहे,
तिसरं कपाट, खालून दुसरं बाड.
नोकरीची एकतीस वर्षं
मी त्याच कपाटाला पाठ लावून बसत होतो.
ते मोडीतही नाही,
स्वच्छ बाळबोधीत आहे,
चौथीतलं पोरगंही वाचेल.
भिंग लागायचं नाही.